गोलात टिंब

सागाच्या चौकटीवरचा गेरू नुसत्या पाण्याने जात नाही. आधी कोरड्या फडक्याने झटकायचा, मग ओल्या फडक्याने वरून खाली पुसायचा. आडवं पुसलं तर तांबूस पट्टा पसरतो आणि लाकडाच्या रेषांत जाऊन बसतो. शेवटी खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा. हे मला माहीत आहे, कारण यंदाच्या पावसाळ्यात मी आमच्या घराची चौकट चार वेळा पुसली. चारही तारखा माझ्या वहीत आहेत. पुसलेल्या खुणा माझ्या आईने काढल्या होत्या आणि त्या माझ्या मुलीबद्दल होत्या. मुलगी तेव्हा पोटुशी होती, आठवा महिना लागत होता.

वहीशिवाय माझं चालत नाही. पौडला एका शाळेच्या कार्यालयात मी काम करते. दाखले, हजेरीपट, पोषण आहाराचा तांदूळ, सगळं वेळेवर लागतं. घरीही तेच. सकाळी यादी लिहायची, संध्याकाळी झालेल्या कामावर रेघ मारायची, राहिलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या पानावर उतरवायचं. ही सवय आईची. ती म्हणायची, कागदावर घातलं की डोकं मोकळं.

आई नर्स होती. मुळशीतल्या तीन-चार उपकेंद्रांवर मिळून तिची सगळी नोकरी झाली. लोक तिला शिष्टरबाई म्हणत. निवृत्त झाल्यावर तिने कासार आंबोलीत दोन खोल्या बांधल्या. चौकट मात्र विकत घेतली नाही. एका सुताराच्या सुनेचं अवघड बाळंतपण तिने कधीतरी निभावलं होतं, त्याने ती आणून बसवून दिली. पुढे तिला विसर पडायला लागला तेव्हा मी आणि नवरा तिच्याकडे राहायला आलो आणि वर आणखी दोन खोल्या चढवल्या. चौकट तीच राहिली.

तिच्या कामाची एक रीत होती. डोंगरातल्या वाड्यांवर पायी फिरायचं, तर कुठल्या घरी आधी जायचं हे तिला ठरवावं लागे. शिवाय ती रजेवर असली आणि बदली नर्स आली, तर तिलाही कळायला हवं. म्हणून पिशवीत गेरूचा खडा असे. पोटुशी बाई असलेल्या घराच्या चौकटीवर, उजव्या बाजूला, स्वतःच्या खांद्याच्या उंचीवर ती एक गोल काढी. बाई सुखरूप सुटली की गोलावर आडवी रेघ. आणि एखादीचं लक्षण ठीक दिसत नसेल तर गोलात टिंब. टिंब म्हणजे पुढच्या फेरीला सगळी घरं सोडून आधी इथे. खडू पावसात जातो, गेरू टिकतो, एवढंच त्यामागचं कारण.

सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जात असे. ती दारावर थाप मारायची नाही. कडी दोनदा वाजवायची, एक पाऊल मागे यायची आणि विचारायची, "घरात कोण हाय?" बाळंतीण असेल तर दार उघडायच्या आधीच आतून सासूचा आवाज येई, "दोघं बरी हायेत, बाई!" मग आई आत जाऊन बघायचीच, पण ते उत्तर ऐकलं की तिचे खांदे थोडे खाली येत. हे मी मागून पाहिलेलं आहे.

आमच्या स्वतःच्या दारी ती सगळ्यात शेवटी येई. सात-आठ वर्षांची असताना मी एकदा चुलीतला कोळसा घेऊन आमच्या उपकेंद्राच्या खोलीच्या चौकटीवर गोल काढला आणि आत टिंब दिलं. माझा हिशेब सरळ होता, टिंब असलेल्या घरी ती आधी येते. ती दिवेलागणीला आली, खूण बघून उभी राहिली. रागावली नाही. पदराचं टोक थुंकीने ओलं करून तिने ती पुसली आणि म्हणाली, "खोटी खूण काढायची नाही. मग खरी असंल तवा कुणी बगनार न्हाई."

ते वाक्य मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. तरी राहिलं.

मला जे मिळालं नाही ते माझ्या मुलीला मिळालं. तिच्या वेळी आई निवृत्तीला आली होती, नंतर पूर्ण वेळ घरीच होती, आणि मुलीच्या सगळ्या सुट्ट्या तिच्याकडेच जायच्या. मुलीचं नाडी मोजणं घड्याळ वाचण्याच्या आधी शिकून झालं. आजीचं छातीवर उलटं लावायचं घड्याळ घेऊन ती घरातल्या प्रत्येकाची, मांजराचीसुद्धा, नाडी मोजत असे. आजीच्या उजव्या हाताचा अंगठा चपटा आणि रुंद होता. ती तो कायम कुणाच्या तरी नडगीवर दाबून बघायची. दाबायचं, पाचपर्यंत मोजायचं, उचलायचं, आणि खड्डा पडतो का बघायचं. पाहुण्या आल्या तरी बोलता बोलता तिचा हात त्यांच्या पायाकडे जाई. मुलगी चिडवायची, "आजी, ही तुझी पेशंट नाहीये, ही लग्नाची पत्रिका द्यायला आलीये."

विसर पडायला लागला तसं आधी माझं नाव गेलं, मग वर्षं गेली. काम गेलं नाही. दोन वर्षांपूर्वी ती पुन्हा फेरीला जायला लागली. दुपारचं जेवण झालं की पांढरी साडी नीट पिनअप करायची, छत्री घ्यायची, बाहेर पडायची. चारच्या सुमाराला परत. आम्ही सुरुवातीला मागे जायचो. नंतर लक्षात आलं की ती वाट चुकत नाही. गावात सगळे तिला ओळखत. बिनपावसाच्या दिवशीही डोंगरावरून ढग खाली उतरलेला असायचा आणि त्यात तिची साडी आधी मिसळून जायची, छत्री थोडा वेळ दिसायची. आमच्या गल्लीतली कुत्री कुणालाही सोडत नाहीत. तिच्यावर ती कधी भुंकली नाहीत. ती आली की उठून बाजूला व्हायची.

या आषाढात तिला कुठूनतरी गेरू मिळाला. कुंड्या रंगवायला मीच आणलेला असणार. आणि घरांच्या चौकटींवर गोल दिसायला लागले.

पहिली तक्रार शेजारच्या शेतकऱ्याची. त्याने रस्त्याकडेची जमीन विकून मागे खोल्या बांधल्यात आणि भाड्याने दिल्यात. तो सकाळीच दारात आला.

"ताई, तुमच्या आईनं माज्या दारावर गोल काढलाय. माजी म्हातारी साठीची हाय. आता कुनाचा पाळना हलवू, सांगा."

आम्ही हसलो. मी वहीत लिहिलं, "खुणा पुसणे", आणि फडकं घेऊन निघाले. एकेका घरी जाऊन विचारत गेले तेव्हा उलगडा झाला. ती जुन्या घरांवर जुन्या खुणा काढत होती. शेजाऱ्याच्या घरी तीस वर्षांपूर्वी खरंच गोल होता. त्यातलं पोर आता हिंजवडीला कामाला आहे, त्याला स्वतःला दोन मुलं आहेत. सगळीकडे तसंच. मला बरं वाटलं. म्हणजे हे आजारपण आहे, आठवणींची उलटसुलट झाली आहे. कारण सापडलं की मला काम करता येतं. सात घरं पुसून झाली.

आठवी खूण एका बंगल्याच्या फाटकाशेजारच्या खोलीवर होती. आमच्याकडे असे बंगले पुष्कळ आहेत. मालक शनिवारी येतात, बाकी आठवडाभर कुलूप. बंगला चार वर्षांपूर्वीचा. तिथे आईची जुनी खूण असण्याचं काही कारण नव्हतं. मी खोलीचं दार वाजवलं. रखवालदाराची बायको बाहेर आली, बिहारकडची, वीस-एकवीसची. मी खूण दाखवून हिंदीत माफी मागितली, फडकं लावलं, तेव्हा तिने माझा हात धरला. दोन महिने झाले होते. तिने अजून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्या बाई आल्या, पाणी प्याल्या, भाषा कळली नाही, पायाला हात लावून बघितलं आणि गेल्या, एवढंच ती म्हणाली.

मी ती खूण पुसली. वहीत रेघ मारली. नर्सला कळतंच, इतक्या वर्षांची नजर असते, असं स्वतःला सांगितलं. ते खरंही आहे.

नववी खूण टेकाडाखाली, मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीवर. तिथे गोलात टिंब होतं. घरातली बाई माझ्याच वयाची, अंगणात लेंड्या झाडत होती. तिची सून पोटुशी होती हे मला माहीत होतं. मी फडकं काढलं तशी ती झाडू घेऊनच चौकटीपुढे उभी राहिली.

"बाईंची खून हाय. पुसायची न्हाई."

मी म्हटलं, आईला आता कळत नाही, ती सगळीकडे काढत सुटली आहे.

"तिला तुमचं नाव कळत न्हाई. हे कळतंय." ती म्हणाली. "मी उद्या सुनंला पौडला नेतुया."

तिने नेलं. सुनेच्या अंगात रक्त फारच कमी निघालं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. हे मला आठवड्याने कळलं. त्या दिवसापासून गावातल्या बायका सकाळी दार उघडून आधी चौकट बघायला लागल्या. चिडवणं थांबलं. आई दिसली की काही जणी बोलावून चहा द्यायच्या, काही जणी दार लोटून घ्यायच्या. मला दोन्ही आवडत नव्हतं.

श्रावणात माझी मुलगी बाळंतपणाला घरी आली. ती हिंजवडीजवळ जांब्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची, नवरा-बायको दोघंही कंपनीत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिनेच ठरवलं होतं. सगळे तपासणीचे कागद तारखेप्रमाणे लावून मी फाइल केली. कागदांवर सगळं ठीक होतं. आईने तिला बघितलं, कोण आहेस विचारलं, आणि दुपारी फेरीला निघताना स्वतःच्या घराच्या चौकटीवर गोल काढला. तो मी राहू दिला. बरोबरच होता.

काही दिवसांनी गोलात टिंब आलं.

मुलीने ते बघितलं नव्हतं. ती दिसायला उत्तम होती, खात होती, फोनवर काम करत होती. दोन दिवसांपूर्वीच वस्तीवरची हकिगत तिच्या कानावर गेली होती आणि ती हसून म्हणाली होती, आपल्याकडे टिंब आलं तर मला सांगू नकोस गं. मी फडकं आणलं. टिंब वेगळं पुसता येईना, म्हणून सगळा गोलच पुसला. वहीत लिहिलं, "चौकट पुसली." तारीख घातली. पुढच्या तक्रारीसाठी तारखा असाव्यात म्हणून तसं लिहायची सवय.

तीन दिवसांनी खूण पुन्हा होती. मी पुसली आणि आईच्या पिशवीतला गेरू काढून घेतला. आणखी तीन दिवसांनी पुन्हा. मी घरभर शोधलं, कुंड्यांमागे, देवघरात, तुकडा-तुकडा गोळा करून पत्र्याच्या डब्यात भरला, डबा माझ्या कपाटात, किल्ली माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. चौथी खूण त्यानंतरची. गेरू तिने कुठून आणला ते कळलं नाही. तिची बोटं स्वच्छ होती.

त्या दिवशी मी तिला समोर बसवून बोलले. आवाज चढला नव्हता, पण बोलले. म्हटलं, तूच मला सांगितलं होतंस ना, खोटी खूण काढायची नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मी कुणीतरी होते, बहुतेक बदली नर्स. मग ती नोकरीतल्या आवाजात, स्वच्छ म्हणाली, "बाई, हितं आधी या."

आणि उठून मुलीच्या खोलीत गेली. रोज संध्याकाळी ती तिथे जाऊन मुलीच्या पायाशी बसायची. मला वाटायचं पाय चेपून देते. मुलीलाही तसंच वाटायचं. ती म्हणायची, आजी विचित्र चेपते, एकाच जागी दाबून ठेवते.

भाद्रपदात आईला ताप आला. तीन दिवस. औषधं चालू होती, डॉक्टर येऊन गेले होते. चौथ्या दिवशी दुपारी जेवणानंतर ती झोपली आणि चार वाजता चहा घेऊन मी गेले तेव्हा ती गेली होती. पांढरी साडी तिने स्वतःच नेसली होती, पिनअप नीट होतं. फेरीला निघायच्या तयारीने ती आडवी झाली होती.

घर पाहुण्यांनी भरलं. मावशी आली, मामेभाऊ आले. मी यादी केली आणि सगळं यादीप्रमाणे झालं. फक्त एक गोष्ट मी यादीतून पुढे ढकलली. तिसऱ्या दिवशी मुलीची तपासणीची तारीख होती. मावशी म्हणाली, सुतकात पोटुशी पोर घराबाहेर काढू नकोस. गाडीही नव्हती, माणसंही नव्हती. सुतकात तपासणी चालते की नाही, हा प्रश्न आईने एका वाक्यात निकालात काढला असता. मी तारखेवर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "तेराव्यानंतर." मुलीचे पाय सुजले होते, मावशीने सांगितलं की दिवस भरत आले की सुजतातच. डोकं दुखायचं, ती रडत होती म्हणून दुखत असणार. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. मला कारण सापडलं की मी काम करते, हे वर सांगितलंच आहे.

त्या दिवसांत रोज चारला दाराची कडी वाजायची. दोनदा. पहिल्या दिवशी मामेभावाने उठून दार उघडलं. बाहेर ढग उतरलेला, कुणी नाही. दुसऱ्या दिवशीही तोच गेला. तिसऱ्या दिवशी कुणी उठलं नाही. ओसरीत दहा माणसं असायची, चारच्या आधी बोलणं आपोआप कमी व्हायचं, कडी वाजायची, आणि मग कुणीतरी घसा खाकरून चहाचं विचारायचं. कडी सैल झाली आहे, पावसाळी वारा चारला फिरतो, असं नवरा म्हणाला. मी वहीत लिहिलं, "कडीला वॉशर बसवणे." गल्लीतली कुत्री मात्र त्या वेळेला उठून बाजूला झालेली मी खिडकीतून पाहिली.

बाराव्या दिवशी दुपारी जेवणं आटोपली होती. दुसऱ्या दिवशीच्या तेराव्याची भांडी घेऊन टेंपोवाला येणार होता, म्हणून मी दारात गेले. चौकटीवर गोल होता, आत टिंब.

ताजा होता. पावडर अजून खालच्या रेषेवर साठलेली होती. आईच्या खांद्याच्या उंचीवर, माझ्या छातीशी. घरातल्या प्रत्येकाला विचारावं असं आधी मनात आलं, पण विचारण्याआधी पुसावं असं दुसऱ्यांदा आलं. मुलीने बघायला नको. फडकं न्हाणीघरात होतं, आणि न्हाणीघराची वाट मुलीच्या खोलीतून आहे.

ती झोपली होती. एकटीच. पाहुण्यांना त्या खोलीत मी जाऊ देत नसे, त्यांच्यासाठी वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर होतं. चादर बाजूला सरकली होती आणि उजवा पाय बाहेर होता. नडगीवर एक खड्डा होता.

पलंगाची कड लागली असेल, हे मी लगेच म्हटलं. पण कड पायाच्या मागे होती, खड्डा पुढे. गोल, खोल, नुकता दाबून बोट उचलल्यासारखा. मी उभी राहिले तेवढ्या वेळात तो भरायला हवा होता. भरला नाही. मी खाली बसून त्यात माझा अंगठा टेकवला. खड्डा माझ्या अंगठ्यापेक्षा रुंद होता.

मुलगी जागी झाली. "दाबू नकोस ना आई, दुखतंय."

"मी आत्ता आले."

"मघापासून दाबतेयस." तिने डोळे चोळले. तिचा चेहरा मी बारा दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिला. पापण्या फुगल्या होत्या, अंगठी बोटात रुतली होती. "समोर काजव्यांसारखं काहीतरी चमकतंय. सकाळपासून."

मी फडकं आणलं नाही. फाइल घेतली, वही घेतली, शेजाऱ्याच्या दारी गेले आणि गाडी काढायला सांगितली. तो बनियनवरच निघाला. मावशी ओसरीतून उठली. उद्या तेरावा, आज बाई बाहेर कशी काढतेस, आठव्यातली आहे, असं बरंच म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, यादी बदलली." शेजारी गाडीत बसताना चौकटीकडे बघून थांबला. मग त्याने वेग घेतला.

पौडला सरकारी दवाखान्यात एक तरुण नर्स होती. तिने दाब मोजला, पुन्हा मोजला, डॉक्टरांना हाक मारली. मग वाकून मुलीच्या नडगीवर अंगठा ठेवला. ओठ हलवून पाचपर्यंत मोजलं. उचलला. मला पुढचं बघवेना.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

 मला प्रत्येक गोष्टीची तारीख माहीत असते आणि हीच माहीत नव्हती. सवयीने मी वही उघडली आणि पानं उलटत मागे गेले. चौकट पुसली. त्याच्या आधी, चौकट पुसली. त्याच्या आधी. त्याच्या आधी.

"तेवीस दिवसांपासून," मी म्हटलं.

"नक्की?"

"तारीख आहे."

तिने ती तारीख केसपेपरवर लिहिली. माझ्या मुलीच्या सुजेची सुरुवात म्हणून सरकारी कागदावर जी तारीख आहे, ती मी आईची खूण पहिल्यांदा पुसली त्या दिवसाची आहे.

पुढचं सगळं भराभर झालं. झटका येऊ नये म्हणून इंजेक्शन, रुग्णवाहिका, पुण्याचं मोठं हॉस्पिटल, जावई थेट तिथेच आला, सही, ऑपरेशन. दिवेलागणीला मुलगी झाली. एक किलो नऊशे. तिला काचेत ठेवलं. माझ्या मुलीचा दाब खाली यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी एकही यादी केली नाही. काचेबाहेर बसून राहिले. आईच्या तेराव्याला मी नव्हते. ते नवऱ्याने आणि मावशीने केलं. 

महिन्याने आम्ही बाळाला घरी आणलं. चौकटीवरची खूण तशीच होती. इतका पाऊस होऊन गेला, वरची पावडर गेली, पण लाकडात ती मुरली होती. मी तेल लावलं नाही.

घरातल्या सगळ्यांना मी विचारलं. मावशी नाही, नवरा नाही, मामेभावाला गेरू म्हणजे काय तेही नीट माहीत नव्हतं. कपाट उघडून डबा पाहिला. तुकडे मी भरले तसे, कोरडे. राहता राहिली ती वस्तीवरची बाई. बाराव्या दिवशी सकाळी ती भेटायला येऊन गेली होती, आणि तिला खुणा माहीत होत्या. ती बाळ बघायला आली तेव्हा मी विचारलं. मनातून मला वाटत होतं, तिने हो म्हणावं.

"मी कशाला काढू?" ती म्हणाली. "मला दिसलं असतं तर तोंडानं सांगितलं असतं. माजं तोंड काय कमी हाय व्हय?" तिने बाळाला मांडीवर घेतलं, पायाची बोटं मोजली, सुनेचं आता बरं आहे म्हणून सांगितलं. जाताना चौकटीपाशी थांबली.

"रेघ मारा, ताई. दोगी सुटल्या न्हवं? रेघ न्हाई मारली तर बाई फेऱ्या मारत ऱ्हातील."

मी म्हटलं, मारते.

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं, "गोलावर रेघ." डबा कपाटातून काढून दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला. एका मिनिटाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या पानावर उतरवलं. तिसऱ्या दिवशीही. आता दीड महिना होत आला, मी ते रोज उतरवते. माझ्या वहीत इतके दिवस राहिलेलं दुसरं काम नाही. वॉशरचंही राहिलं आहे.

चारला कडी वाजते. मुलगी त्या वेळी बाळाला पाजत असते, ती मान वर करत नाही. मी दार उघडायला जात नाही. ओट्यापाशी असते तिथूनच सांगते.

"दोघी बऱ्या आहेत, आई. बाळ दोन किलो नऊशे झालं. दूध पितंय."